हाऊ वी फील ॲप : भावनांचे इंग्रजी शब्द शिकायला वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू (खास करून ओईटी देणाऱ्या नर्सेससाठी)

ज्या नर्सेस ओईटीची (ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, परदेशात काम करायला आरोग्य क्षेत्रातले लोक देतात ती इंग्रजीची परीक्षा) तयारी करतायत त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय, पण ज्यांना कामाच्या ठिकाणी इंग्रजीतून समोरच्याच्या मनाबद्दल बोलावं लागतं त्या कुणालाही उपयोगी पडेल. ॲपचं नाव हाऊ वी फील. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आयफोन आणि ॲन्ड्रॉइड दोन्हीवर मिळतं. आधीच क्लिअर करते की हे इंग्रजी शिकवायचं ॲप नाही, रोज आपल्याला कसं वाटतंय ते नोंदवायचं ॲप आहे. तरीपण भावनांचे शब्द शिकायला मी जे जे वापरलं, म्हणजे क्लासच्या झेरॉक्स नोट्स, यूट्यूबवरचे शंभर शब्द पाठ करा टाइपचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ, त्या सगळ्यांपेक्षा हे जास्त कामाला आलं.

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे पेशंट सांगली कोल्हापूरचे, शिवाय कर्नाटकातनं अथणी, चिकोडीकडनं पण येतात, त्यामुळे वॉर्डात मराठी, कन्नड, हिंदी सगळं चालतं, इंग्रजी फक्त फाइलवर आणि डॉक्टरांच्या राउंडला. आणि ते इंग्रजी म्हणजे बीपी, सॅच्युरेशन, इनपुट-आउटपुट. ते आपल्याला झोपेत पण येतं. ओईटीच्या स्पीकिंगमधे मात्र हे अर्धंच लागतं. तिथे दोन रोल-प्ले असतात, प्रसंग लिहिलेलं कार्ड वाचायला तीन मिनिटं आणि बोलायला साधारण पाच मिनिटं प्रत्येकी, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक बनतो आणि तो घाबरलेला असतो, चिडलेला असतो, कधी ऑपरेशनला नाही म्हणत असतो. 2018 पासून मार्कांमधे नुसती भाषा नाही तर क्लिनिकल कम्युनिकेशन पण मोजतात, आणि त्यातला पहिलाच निकष रिलेशनशिप बिल्डिंग, ज्यात समोरच्याची मनःस्थिती ओळखून तसं बोलून दाखवणं येतं. यूकेच्या एनएमसीला (तिकडे नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) स्पीकिंगमधे बी ग्रेड लागते म्हणजे किमान 350. आता पेशंटला काय वाटतंय हे आपल्याला कळतं हो, वॉर्डात आपण दारातनंच ओळखतो कोण घाबरलंय आणि कोण नुसतं वैतागलंय. पण ते इंग्रजीत म्हणायची वेळ आली की आपल्या सगळ्यांकडे मिळून चार शब्द निघतात. सॅड, हॅपी, अँग्री, टेन्शन. त्यातला टेन्शन तर आपण वापरतो तसा तिकडे कुणी वापरत नाही.

आता ॲप कसं चालतं ते. उघडलं की विचारतं आत्ता कसं वाटतंय, आणि चार रंगांचे चार गोल देतं. लाल म्हणजे एनर्जी जास्त आणि वाटतंय वाईट. पिवळा म्हणजे एनर्जी जास्त आणि वाटतंय छान. निळा, एनर्जी कमी आणि वाईट. हिरवा, एनर्जी कमी पण छान. एक गोल निवडला की त्या रंगातले शब्द बुडबुड्यांसारखे पसरतात, बोटाने सरकवत जायचं, ज्या शब्दावर थांबाल त्याची एका ओळीत व्याख्या खाली येते. एकूण 144 शब्द आहेत. शब्द निवडला की मग कुठे आहात, कुणाबरोबर आहात, काय करताय ते टॅग करायचं, वाटलं तर दोन ओळी लिहायच्या, झालं. पाऊण मिनिटाचं काम.

यामागे येल युनिव्हर्सिटीच्या सेंटर फॉर इमोशनल इंटेलिजन्सचं काम आहे, तिथले मार्क ब्रॅकेट आणि पिंटरेस्टचे एक संस्थापक बेन सिल्बरमन यांनी मिळून हे ना-नफा तत्त्वावर उभं केलं. त्याआधी येलचा मूड मीटर नावाचा तक्ता होता, दहा बाय दहाचे चौकोन आणि त्यात 100 शब्द, अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांमधे भिंतीवर लावतात. त्या चार रंगांची मूळ कल्पना अजून जुनी, जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने 1980 मधे भावना दोन रेषांवर मांडल्या होत्या, एक सुखद ते दुःखद आणि दुसरी शांत ते उत्तेजित. 2022 मधे ॲपलच्या ॲप स्टोअर अवॉर्ड्समधे पण हे होतं.

हे सगळं सांगायचं कारण असं की शब्द शिकायला या दोन रेषाच मला सगळ्यात उपयोगी वाटल्या. पीडीएफमधे काय असतं, अँग्री म्हणजे रागावलेला, ॲनॉइड म्हणजे रागावलेला, इरिटेटेड म्हणजे चिडलेला, फ्युरियस म्हणजे खूप रागावलेला, फ्रस्ट्रेटेड म्हणजे निराश. वाचून डोक्यात एकच मोठा राग शिल्लक राहतो. ॲपमधे हे सगळे लाल रंगात आहेत, पण जागा वेगवेगळ्या आहेत. ॲनॉइड आणि इरिटेटेड सौम्य बाजूला, फ्युरियस, लिव्हिड, एनरेज्ड पार टोकाला. म्हणजे ओपीडीत तासभर बसून राहिलेला माणूस ॲनॉइड. तिसऱ्यांदा सुई टोचूनसुद्धा व्हेन न मिळालेला पेशंट फ्रस्ट्रेटेड, कारण फ्रस्ट्रेटेडमधे काहीतरी करायचंय आणि ते होत नाहीये, अडकलंय, हा भाग असतो. आणि ज्याच्या आईला पडल्यावर कुणी कळवलंच नाही तो मुलगा फ्युरियस. रोल-प्लेमधे ॲनॉइड माणसाला तुम्ही फ्युरियस म्हणालात तर त्याला वाटेल ही मला भांडखोर समजतेय, आणि फ्युरियस माणसाला अ लिटल ॲनॉइड म्हणालात तर तो अजून भडकेल. वॉर्डात मराठीतपण आपण हे सांभाळतोच की, वैतागलेल्याला वेगळं बोलतो आणि खवळलेल्याला वेगळं.

टेन्शनचं तर ॲपने पूर्ण ऑपरेशन करून दिलं. आपल्याकडे टेन्शन आलंय म्हणजे काहीही असू शकतं. रिपोर्ट काय येईल याचं टेन्शन, बिलाचं टेन्शन, घरी म्हातारे सासरे एकटे आहेत त्याचं टेन्शन, एका वेळी आठ पेशंट अंगावर टाकलेत त्याचं टेन्शन. इंग्रजीत हे सगळे वेगळे शब्द आहेत आणि सगळे ओळखीचेच आहेत, फक्त वेळेवर आठवत नाहीत. सासऱ्यांबद्दल वरीड, कारण काळजी ठराविक माणसाची आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप न येणारा, छाती धडधडणारा पेशंट ॲन्क्शस. उद्या टाके काढणार म्हणून जरा धास्तावलेला, तो नर्व्हस किंवा थोडा ॲप्रिहेन्सिव्ह. आठ पेशंट अंगावर असलेली नर्स ओव्हरव्हेल्म्ड. आणि लवकर निर्णय द्या, सही करा असं सगळे मागे लागलेत अशा नातेवाइकाला प्रेशर्ड वाटतंय. ओव्हरव्हेल्म्ड हा एक शब्द तर मी म्हणेन प्रत्येकाने पहिल्या दिवशी शिकून घ्यावा, नवीन डायबेटिस निघालेला पेशंट, इन्सुलिन, ग्लुकोमीटर, डाएट चार्ट सगळं एकदम हातात दिल्यावर जो भांबावून बघत बसतो ना, त्याच्यासाठी यापेक्षा योग्य शब्द नाही. इट्स अ लॉट टू टेक इन, यू मस्ट बी फीलिंग ओव्हरव्हेल्म्ड, एवढं बोललं की पुढचं समजावणं सोपं जातं.

निळ्या रंगात जास्त वेळ द्या, ओईटीत तिथलेच शब्द जास्त लागतात असं माझं मत. डिसअपॉइंटेड, डिस्करेज्ड, लोनली, इग्झॉस्टेड, होपलेस, ड्रेन्ड. फिजिओ करून करून पण गुडघा वाकत नाही असा पेशंट डिस्करेज्ड असतो, सॅड नाही. डिस्चार्ज आज होणार होता आणि सोडियम कमी आलं म्हणून पुढे ढकलला तर डिसअपॉइंटेड. वर्षभर आईची सुश्रूषा करणारी लेक नुसती टायर्ड नाही तर इग्झॉस्टेड, आणि मनाने पण रिकामी झाली असेल तर ड्रेन्ड. इथे एक गोष्ट फार जपून. आपल्या बोलण्यात डिप्रेशन आलंय सर्रास येतं, मॅच हरली तरी येतं. नर्स म्हणून इंग्रजीत बोलताना डिप्रेस्ड हा शब्द पेशंटवर चिकटवायचा नाही, ते निदान आहे आणि ते डॉक्टर करणार. आपण लो किंवा डाउन म्हणायचं, हॅव यू बीन फीलिंग लो, असं विचारायचं आणि झोप, भूक, इच्छा याबद्दल पुढचे प्रश्न घ्यायचे. आणि पेशंट स्वतः होपलेस म्हणाला तर तो शब्द कधीही हलका घेऊ नका, मग परीक्षा असो नाहीतर ड्युटी, तिथे थांबून विचारायचं, इन्चार्जला कळवायचं.

हिरव्या रंगाकडे कुणी बघतच नाही, त्याचं मला वाईट वाटतं. सगळ्यांना वाटतं पेशंट म्हटलं की दुःख आणि भीती. पण बायोप्सी चांगली आली की माणूस रिलीव्ह्ड होतो, हॅपी म्हणणं तिथे जरा उथळ वाटतं कारण आधीची भीती गेलीय हे त्यात येत नाही. कॅथेटर काढल्यावर कम्फर्टेबल. बाळाला पहिल्यांदा छातीशी घेतलेली आई, ती काम (calm, म्हणजे शांत) असू शकते, कन्टेन्ट असू शकते, ग्रेटफुल असू शकते. आणि रोल-प्लेचा शेवट पण याच रंगात व्हायला हवा ना, आपण ज्याला लाल किंवा निळ्यातनं हिरव्याकडे आणलं त्याला शेवटी विचारायचं, डू यू फील अ बिट मोर ॲट ईझ नाऊ. हे एक वाक्य पाठ ठेवा, खूप ठिकाणी बसतं.

आता ॲपचा कमीपणा. शब्द कळतो, पण वाक्यात कसा बसवायचा ते इथे मिळत नाही. व्याख्या एकच ओळ असते आणि त्यातपण कधीकधी अजून एक अवघड शब्द निघतो. मराठी अर्थ नाहीत. त्यामुळे सोबत डिक्शनरी लागणारच, मी केंब्रिजची ऑनलाइन वापरते, ती पण फुकट आहे, उदाहरणाची वाक्यं असतात, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात, शब्दाशेजारी ए वन (सगळ्यात सोपी) ते सी टू (सगळ्यात अवघड) अशी लेव्हल लिहिलेली असते आणि त्यांची इंग्रजी-मराठी डिक्शनरी पण आहे. ॲपमधे शब्द निवडला की लगेच तिकडे जाऊन तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, शब्दानंतर काय येतं. अफ्रेड ऑफ, वरीड अबाउट, ॲन्क्शस अबाउट, अँग्री विथ माणूस, अँग्री अबाउट गोष्ट, प्राउड ऑफ, फेड अप विथ. मराठीत आपण सुईला घाबरतो, सुईची भीती वाटते, सुईबद्दल काळजी वाटते, प्रत्यय बदलत राहतात तसंच तिकडे पण बदलतं, पण त्याचा नियम काही नाही, तुकडा म्हणूनच लक्षात ठेवावा लागतो. दुसरी, ईडी आणि आयएनजी. आय ॲम बोअर्ड म्हणजे मला कंटाळा आलाय, आय ॲम बोअरिंग म्हणजे मीच कंटाळवाणी आहे. तसंच फ्रायटन्ड आणि फ्रायटनिंग, इग्झॉस्टेड आणि इग्झॉस्टिंग, कन्फ्यूज्ड आणि कन्फ्यूजिंग. पेशंटला सांगताना द प्रोसीजर कॅन बी फ्रायटनिंग, अँड इट्स नॉर्मल टू फील फ्रायटन्ड, असं दोन्ही एका वाक्यात घालून बोलायची प्रॅक्टिस केली की जीभ बरोबर वळायला लागते. तिसरी, व्हेरी कुठे लावायचं नाही. फ्युरियस, टेरिफाइड, इग्झॉस्टेड, डेव्हस्टेटेड या शब्दांत खूप आधीच आहे, त्यांना व्हेरी लावत नाहीत, लावायचंच असेल तर ॲब्सोल्यूटली किंवा कम्प्लीटली.

उच्चाराचं पण बघा. ॲन्क्शसमधे क्श ऐकू येतो पण ॲन्झायटीमधे मधेच झाय येतं आणि जोर त्या झायवर असतो, हे दोन शब्द एकाच घरातले असून वेगळे वाजतात, आणि नर्सला दिवसातनं दहावेळा लागतात. ओव्हरव्हेल्म्डमधे शेवटी ल्म्ड आहे, तो घाईत गिळला तर समोरच्याला कळत नाही. रिलीव्ह्डचा शेवटचा ड हलका पण हवा, नाहीतर तो रिलीव्ह होतो. ओईटीत इन्टेलिजिबिलिटी म्हणून वेगळा निकष आहे, बोललेलं सहज समजतंय का यावर, तेव्हा हे वेळ घालवण्यासारखं आहे.

ॲपमधला सगळा माल वापरायला जाऊ नका. पीव्ह्ड (वैतागलेला), लिव्हिड (संतापलेला), एक्स्टॅटिक (आनंदाने बेभान) असे शब्द कळायला हवेत, पेशंट म्हणाला तर, पण आपण नर्स म्हणून त्याच्या तोंडावर यू सीम लिव्हिड म्हणणं शोभत नाही. तिथे अपसेट फार सोयीचा, दुःख, राग दोन्ही त्यात मावतं आणि कुणाला लागत नाही. आणि भावना सांगताना छातीठोकपणे यू आर अँग्री म्हणायचं नाही, यू सीम, इट साउंड्स लाइक, आय कॅन सी दॅट, असं हळू शिरायचं, म्हणजे त्याला नाही, तसं नाही सिस्टर, म्हणायला जागा राहते. डोन्ट वरी हे वाक्य आपण सवयीने पहिलं टाकतो, त्याआधी निदान एकदा त्याच्या काळजीचं नाव घ्या. यू आर वरीड अबाउट द ॲनेस्थेशिया, इज दॅट राइट, आणि मग जरा थांबा, बोलू द्या त्याला. शब्द मोठा शोधण्यापेक्षा हे थांबणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वापरायची माझी पद्धत अशी, ड्युटी संपल्यावर स्वतःचं चेक-इन करते, आणि मग वॉर्डातला एखादा पेशंट आठवून (नाव, बेड नंबर, आजार काही न लिहिता, हे कटाक्षाने पाळा) तो कोणत्या रंगात होता, कोणता शब्द, का, एवढं इंग्रजीत मोठ्याने बोलते. मराठीत तो काय म्हणाला होता ते आठवायचं. जीव घाबरा होतोय म्हणाला का, कसंतरीच होतंय म्हणाला, की सिस्टर मला घरी जाऊ दे म्हणाला. मग त्याला रंग शोधायचा. घरी जाऊ दे म्हणणारी म्हातारी लालमधे पण असू शकते आणि निळ्यात पण, भीतीने म्हणतेय की एकटेपणाने म्हणतेय यावर आहे, आणि तो फरक डोक्यात पक्का झाला की फ्रायटन्ड की लोनली हे आपोआप येतं. जीव घाबरा होतोय वाल्याचं मात्र आधी बीपी, पल्स, सॅच्युरेशन, ईसीजी, भावना नंतर.

मैत्रिणींना जोडायची सोय पण आहे ॲपमधे, एकमेकींना कसं वाटतंय ते दिसतं. आम्ही ओईटीवाल्या काही जणी जोडल्या गेलोय, कुणाचा निळा दिसला की फोन होतो आणि तो फोन इंग्रजीतच करायचा असं ठरवलंय, पाच मिनिटं, रोल-प्लेएवढाच. एक नर्स, एक पेशंट. खरोखर दमलेलीशी इंग्रजीत नीट बोलणं हे कार्डावरच्या पेशंटपेक्षा जास्त शिकवतं. नाईटच्या दुसऱ्या दिवशी सगळ्याच ड्रेन्ड असतात, त्यामुळे तो शब्द आता सगळ्यांचा पक्का आहे.

माहिती डिफॉल्टने आपल्या फोनमधेच राहते आणि संशोधनासाठी द्यायची का ते तुमच्या परवानगीवर आहे, मी दिलेली नाही. नोटिफिकेशन सुरवातीला त्रासदायक वाटू शकतात, सेटिंगमधे जाऊन ड्युटीच्या वेळा टाळून लावा. मन शांत करायचे छोटे व्हिडिओ पण आहेत, बोलणारे अमेरिकन असतात, ऐकायच्या सरावाला ठीक, पण ओईटीत ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश उच्चार जास्त येतात तेव्हा लिसनिंगसाठी यावर अवलंबून राहू नका.

ज्यांचं बेसिक वाक्य बनवणंच अजून अडतं त्यांनी आधी ते करावं, नुसते शब्द घेऊन उपयोग होणार नाही. ज्यांना आयईएल्ट्स द्यायचीय त्यांनापण स्पीकिंगच्या पार्ट टू मधे एखादा प्रसंग सांगताना भावना सांगायला हे चालेल. माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो उदाहरणाची वाक्यं नाहीत म्हणून. कुणी वापरत असेल आणि लहान मुलांच्या वॉर्डसाठी, म्हणजे चार-पाच वर्षाच्या पोराला इंग्रजीत काय वाटतंय ते विचारायला सोपे शब्द कोणते घ्यावेत हे माहीत असेल तर नक्की लिहा, आमच्यातल्या एकीला पीडियाट्रिकचं कार्ड येईल अशी भीती आहे आणि तिची परीक्षा जवळ आलीय.